नागपाड्यातून निघालेली वाट

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा इतिहास सांगताना सुरुवात टाटांपासून होते. पैसा त्यांचा, नाव त्यांचे, तेव्हा ते रास्तच आहे. पण १९३६ सालच्या जून महिन्यात समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी भारतातली ही पहिली संस्था सुरू झाली तेव्हा तिला स्वतःची इमारत नव्हती. भायखळ्याजवळच्या नागपाड्यात एका ख्रिस्ती मिशनने चालवलेले घर होते, त्याचे नाव नागपाडा नेबरहुड हाऊस. त्या घरातच पहिली तुकडी शिकली. हे मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. ते मुंबईत आले तेव्हा पेशवाई अजून पाच वर्षे टिकायची होती. शंभरावर वर्षे या शहरात काढल्यानंतर ते नागपाड्याच्या घरापर्यंत कसे पोचले, आणि त्या घरातून पुढे काय काय निघाले, हा प्रवास मराठी वाचकाला फारसा कुणी सांगितलेला नाही. मिशनची माणसे तो धर्मप्रसाराच्या इतिहासात शोधतात आणि समाजशास्त्राची माणसे टाटांच्या दातृत्वापाशी थांबतात. दोघांच्या मधली जागा मोकळीच राहते.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण पाद्री १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. ते आधी कलकत्त्याला आले होते. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात नुकतेच युद्ध पेटले होते आणि ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात कुठलेच मिशनरी नको होते, अमेरिकन तर नाहीच नाही. कलकत्त्याहून हाकलण्याचा हुकूम निघाला तेव्हा हे दोघे मुंबईकडे निसटले. इथेही तोच हुकूम पाठलाग करत आला. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने धार्मिक होता. हॉलने त्याच्या सदसद्विवेकाला हात घालणारे अर्ज केले आणि त्याने शक्य तितकी चालढकल केली. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नव्याने देताना मिशनऱ्यांना दार उघडले, म्हणून हे लोक राहिले.

त्यांच्या मनात काय होते हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. हॉल आणि त्याचा नंतर आलेला सहकारी सॅम्युएल न्यूवेल यांनी मुंबईत बसून एक पुस्तिका लिहिली, ती १८१८ साली अमेरिकेत छापली गेली. जगातल्या साठ कोटी ख्रिस्तेतर माणसांपर्यंत सुवार्ता पोचवायची तर किती मिशनरी लागतील, याचा त्यात हिशेब मांडला होता. मुंबईच्या गल्लीत राहणाऱ्या, मराठीचे धडे गिरवणाऱ्या दोन माणसांनी साठ कोटींचा हिशेब करावा, यात केवढा विश्वास होता आणि समोरच्या माणसाकडे आकडा म्हणून पाहण्याची केवढी सवयही होती! पुढच्या शंभर वर्षांत या मिशनचे जे काही झाले ते या दोन गोष्टींच्या ओढाताणीतून झाले असे मला वाटते. न्यूवेल १८२१ मध्ये कॉलऱ्याने गेला. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या फेरीवरून परतताना वाटेत एका देवळाच्या ओसरीत त्याच रोगाने गेला. त्या वेळेपर्यंत ख्रिस्ती मंडळीत आलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती.

पण मुंबईकरांनी या मिशनकडून काहीच घेतले नाही असे मात्र नाही. त्यांनी हवे ते नेमके निवडून घेतले. मिशनने १८१६-१७ मध्ये छापखाना सुरू केला आणि मराठीत पत्रके छापायला घेतली. पत्रके वाटली गेली, वाचली गेली, टाकूनही दिली गेली. छपाईची विद्या मात्र लोकांनी टाकली नाही. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले गृहस्थ या छापखान्याकडे पाहून पेटले. त्यांनी स्वतःची शिळायंत्राची छपाई उभी केली आणि १८३१ साली पहिले छापील मराठी पंचांग काढले. मिशनने येशूची कथा छापायला आणलेली कला एकादशी-संकष्टीच्या तिथी छापू लागली. पुढे याच मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली जावजी दादाजी नावाचा गरीब मुलगा खिळे घासायला लागला आणि त्यानेच निर्णयसागर उभा केला. संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या सुबक छपाईसाठी सारा देश ज्या निर्णयसागरचे नाव घेत असे, त्याच्या खिळ्यांची परंपरा अशी मिशनच्या छापखान्यातून आलेली आहे.

शाळांचेही तसेच. पहिली शाळा १८१५ ची. त्यात बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने येत, त्यांचेच तरुण शिक्षक म्हणूनही काम करत. कोकणात तेल गाळणारा हा मराठी बोलणारा यहुदी समाज लिहिता-वाचता झाला त्यात या शाळांचा मोठा वाटा आहे. यहुदी मात्र यहुदीच राहिले. अक्षरओळख झाल्यावर त्यांनी आपल्याच धर्मग्रंथांकडे अधिक डोळसपणे पाहिले. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली, आणि १८२७ च्या अखेरीस त्या कामासाठी सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेतून आली. एकट्या स्त्रीला असे समुद्रापार पाठवले जाणे तेव्हा अमेरिकेतही नवलाचे होते. फरारबाई १८३९ साली अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. नगरच्या त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढायचे मनावर घेतले, आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले असे चरित्रकार सांगतात. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी मिशनकडून शाळा घेतली, आणि मिशन जे करू धजले नव्हते ते केले: ती शाळा आपल्याच माणसांनी, आपल्याच वाड्यांत चालवली.

ही उदाहरणे मी मुद्दाम एका रांगेत ठेवतो. मिशनच्या वार्षिक अहवालांत अशा माणसांना जागा नव्हती. तिथे बाप्तिस्मा किती, मंडळीत सभासद किती, हे मोजले जाई. जे मोजले जात होते ते तुटपुंजे होते आणि जे मोजलेच जात नव्हते ते महाराष्ट्र बदलत होते.

मंडळी लहान होती म्हणून ती निस्तेज होती असे समजू नये. नारायण वामन टिळकांसारखा कवी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत याच मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेता झाला. त्या काळी मुंबईत काम करणारे या मिशनचे जस्टिन ॲबट पुढे महिपती, एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांचे इंग्रजी अनुवाद करण्यात आयुष्याच्या उत्तरार्धात रमले. धर्मांतर करायला आलेला माणूस संतांच्या पायाशी बसून शिकू लागला, हीसुद्धा या वंशावळीतली एक महत्त्वाची फांदी आहे. आणि टिळक स्वतः कुठे पोचले? १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मिशनच्या नोंदवहीतून बाहेर पडण्याची ही पहिली मोठी धडपड, आणि ती एका मराठी माणसाची होती. नागपाड्याचे घर उभे राहिले त्याच्या दहा वर्षे आधीची. टिळकांना पुढची दोनच वर्षे मिळाली. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण प्रश्न त्यांनी विचारून ठेवला होता.

सेवेच्या बाजूने पाहिले तर मधला दुवा डॉ. गुरुबाई करमरकर यांचा आहे. आनंदीबाई जोशी ज्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाल्या, तिथूनच गुरुबाई १८९२ मध्ये पदवी घेऊन आल्या. त्यांचे पती सुमंतराव करमरकर पाळक होते. आनंदीबाईंना काम करायला आयुष्यच उरले नाही. गुरुबाईंनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या दवाखान्यात वीसहून अधिक वर्षे काम केले. त्यात प्लेगची वर्षे आली, दुष्काळातून शहरात लोटलेली माणसे आली. आनंदीबाईंवर पुस्तके, नाटके, चित्रपट झाले. रोज सकाळी दवाखाना उघडणाऱ्या गुरुबाईंचे नाव आज मराठी घरांत जवळजवळ कुणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

१८९६ च्या प्लेगने मुंबईचा चेहरा बदलला आणि नागपाडाही. साथीला घाबरून सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. दाटीवाटीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती ठेवायची, हे त्याचे काम. ट्रस्टची पहिलीच योजना नागपाड्याची होती. जुनी घरे पडली, सरळ रस्ते आले, पण ज्यांची घरे पडली ती माणसे शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीने राहू लागली. एका बाजूला कामाठीपुरा, दुसऱ्या बाजूला गिरण्या आणि रेल्वेचे कारखाने. मुसलमान, बगदादी आणि बेने इस्राएल यहुदी, गोव्याचे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, तेलुगू कामाठी, घाटावरून आलेले मराठा आणि महार कामगार. मागेन डेव्हिड सिनेगॉग आणि ग्लोरिया चर्च थोड्याच अंतरावर, आणि त्यांच्यामध्ये मशिदी नि देवळे. मुंबईत इतक्या थोड्या जागेत इतक्या तऱ्हांचे शेजारी क्वचितच दुसरीकडे असतील.

त्या काळापर्यंत मुंबईत समाजसेवेची स्वतःची परंपरा उभी राहिली होती हेही नोंदवायला हवे, नाहीतर सारे काही पाद्र्यांनीच आणले असा समज होईल. प्रार्थना समाजाने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालवल्या होत्या. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात, युनिटेरियन ख्रिस्त्यांच्या संस्थेत, धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले आणि १९०६ मध्ये त्यांनी परळला डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. मिशन हे नाव त्यांनी जाणूनबुजून घेतले, कामाची शिस्तही घेतली, धर्मांतर घेतले नाही. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. तिची वाचनालये आणि रात्रीच्या शाळा गिरणगावात पसरल्या. चाळीत जाऊन माणसांची विचारपूस करणारा कार्यकर्ता मुंबईला नवा नव्हता. हे काम शिकावे आणि शिकवावे लागते, नुसत्या कळवळ्याने होत नाही, ही जाणीव मात्र अजून शाळेच्या रूपात आली नव्हती.

ती आली दुसऱ्या वाटेने, लंडन आणि शिकागोहून. लंडनच्या पूर्व भागात व्हाइटचॅपल नावाची दरिद्री वस्ती होती. तिथल्या सेंट ज्यूड्स चर्चचा पाळक सॅम्युएल बार्नेट आणि त्याची पत्नी हेन्रिएटा यांच्या ध्यानात आले की गरिबांना दानधर्म पोचतो, शेजार पोचत नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण वस्तीतच येऊन राहिले, शेजारी म्हणून जगले, शिकवले आणि शिकले तर? १८८४ मध्ये त्यांनी टॉयन्बी हॉल उघडला. १८८८ मध्ये अमेरिकेची जेन ॲडम्स तो पाहून गेली आणि पुढच्या वर्षी तिने शिकागोत हल हाऊस सुरू केले. इटालियन, ग्रीक, रशियन यहुदी, बोहेमियन अशा स्थलांतरितांच्या वस्तीत हे घर होते. बार्नेटचे घर पाळकाने काढलेले होते, तरी त्यात धर्मोपदेशाची सक्ती नव्हती. ॲडम्सने तर हल हाऊस कुठल्याच चर्चला बांधले नाही. घरात पाळणाघर होते, वर्ग होते, रंगमंच होता आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वस्तीची पाहणी होती: कोणत्या खोलीत किती माणसे, मजुरी किती, कुणाची मुले कारखान्यात. शिकागोत या पाहणीतूनच समाजकार्याची शाळा निघाली आणि १९२० मध्ये ती विद्यापीठात सामावली गेली. राहणे, पाहणे, आणि मग शिकवणे. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण नागपाड्यात तो तसाच आला.

शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला क्लिफर्ड मॅनशार्ट हा काँग्रिगेशनल पाद्री १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईला आला. त्याच्या मिशनकडे शंभर वर्षांचा अनुभव होता आणि शंभर वर्षांचा प्रश्नही. मॅनशार्टने १९२७ च्या सुमारास नागपाडा नेबरहुड हाऊस उघडले. वाचनालय, व्याख्याने, मुलांचे आणि प्रौढांचे वर्ग, आया आणि तान्ह्या मुलांसाठी दवाखाना, व्यायामशाळा, खेळाचे मैदान. दारावर कुणालाही धर्म विचारायचा नाही आणि आत कुणालाही धर्म शिकवायचा नाही, हा त्याचा दंडक होता. सेवा हीच ख्रिस्ती श्रद्धेची पुरती अभिव्यक्ती आहे, तिला धर्मांतराच्या आमिषाची जोड देणे म्हणजे तिचा अपमान, अशी त्याची भूमिका होती. या विषयावर त्याने लिहिलेही. वस्तीतल्या अशा घराचा, म्हणजे सेटलमेंटचा, भारतात शिक्षणाचे साधन म्हणून काय उपयोग होईल यावरचे त्याचे पुस्तक १९३१ चे आहे.

ही भूमिका घेणे सोपे नव्हते. मिशनला पैसा यायचा तो अमेरिकेतल्या लहान लहान गावांच्या चर्चमधून. तिथल्या आजीबाईंनी दिलेल्या नाण्यांच्या बदल्यात बाप्तिस्म्याच्या बातम्या अपेक्षित असत. वाचनालयात किती मुसलमान पोरे आली आणि मुसलमान म्हणूनच घरी गेली, हे त्यांना काय कळवायचे? पण वारे दोन्ही बाजूंनी बदलत होते. १९३१ मध्ये गांधीजींनी परदेशी मिशनऱ्यांना स्पष्ट सुनावले की शाळा-दवाखाने धर्मांतरासाठी चालवायचे असतील तर ते नकोत. १९३२ मध्ये अमेरिकेतल्याच चर्चच्या सामान्य सभासदांनी नेमलेल्या चौकशी समितीने, तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखाली, जवळजवळ तेच म्हटले: सेवेला प्रचारातून मोकळे करा. त्या अहवालावरून अमेरिकेत मोठे वादळ उठले. नागपाड्यात तोवर पाच वर्षे काम होऊन गेले होते.

माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना हीच आहे. साठ कोटींचा हिशेब मांडणाऱ्या मिशनने अखेरीस एक मोहल्ला निवडला आणि त्यातल्या माणसांना जसे आहेत तसे शेजारी मानले. हॉलची धडाडी खोटी नव्हती. नाशिकच्या वाटेवर तो ज्या माणसांसाठी मेला, त्यांच्यावर त्याचा जीव होता याबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्याकडे पाहायला लागणारी नजर त्याच्या मिशनला येण्यासाठी गणपत कृष्णाजी, बेने इस्राएल मास्तर, फुले, टिळक, ॲबटचे तुकोबा हे सगळे मध्ये यावे लागले. मुंबईने मिशनला हळूहळू शिकवले. शिकागोची पद्धत आयती होती, तिच्यासाठी लागणारी जमीन इथली होती.

नागपाड्याच्या पोरांनी या काळात आणखी एक गोष्ट उचलली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बास्केटबॉल. हा खेळच मुळी ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेत, वायएमसीएमध्ये, जन्मलेला. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथने तो अमेरिकेत रचला. मिशन आणि वायएमसीए यांच्या मैदानांवरून तो भायखळा-नागपाड्याच्या गल्ल्यांत उतरला आणि तिथल्या मुसलमान पोरांचा झाला. क्रिकेटवेड्या मुंबईत हा एकच मोहल्ला बास्केटबॉलवर जगत आला आहे. भारताचे कर्णधारपद भूषवणारे आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर नागपाड्याचे.

दोराबजी टाटा १९३२ च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षी त्यांनी आपली जवळजवळ सगळी मिळकत विश्वस्त निधीला देऊन ठेवली होती. एवढ्या पैशाचे करायचे काय? जो येईल त्याला थोडेथोडे वाटत राहायचे, की कायमचे काही उभारायचे? विश्वस्तांनी सल्ल्यासाठी नागपाड्याच्या पाद्र्याला बोलावले. तो रोज गरिबीच्या शेजारी राहत होता आणि वाटण्याने ती हटत नाही हे त्याला ठाऊक होते. समाजकार्य करणारी माणसे घडवणारी पदव्युत्तर शाळा काढावी, असे त्याने सुचवले. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने ती १९३६ मध्ये उघडली. पहिली तुकडी वीस-एक पदवीधरांची, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वर्ग नागपाड्याच्या घरात भरत आणि दार उघडले की प्रयोगशाळा समोर: दवाखान्याच्या रांगेतल्या आया, रस्त्यावर झोपणारी मुले, कामाठीपुऱ्याची वाट. पुढच्याच वर्षी शाळेने बाई जेरबाई वाडिया रुग्णालयात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले.

पहिले वर्ष शांततेत गेले नाही. ऑक्टोबर १९३६ मध्ये भायखळ्यात एका देवळाच्या सभामंडपावरून हिंदू-मुसलमानांत दंगल पेटली आणि ती शहरभर पसरली. १९२९ आणि १९३२ च्या दंगलीही नागपाड्याने पाहिल्या होत्या. १९३६ मध्येच मॅनशार्टचे हिंदू-मुसलमान प्रश्नावरचे पुस्तक निघाले. त्याची सगळी मते आज पटतील असे नाही. पण दंगल हा विषय त्याच्या विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रातून शोधावा लागला नाही, तो खिडकीबाहेर होता.

शाळेवरचा एक आक्षेप रास्त आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रमाचा साचा अमेरिकन होता, पुस्तके अमेरिकन होती. व्यक्तीला तिच्या अडचणीतून बाहेर काढण्यावर भर होता. ती अडचण निर्माण करणारी जात, जमीन आणि कर्ज यांच्याकडे पाहायला वेळ लागला. जोतीराव आणि बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात समाजकार्याच्या शाळेने जातीचा प्रश्न मध्यभागी आणायला जी दशके घालवली, ती मला जास्तच वाटतात. ना. म. जोशींची किंवा विठ्ठल रामजींची परंपरा या शाळेची पहिली क्रमिक पुस्तके झाली असती तर तिची वाढ वेगळी झाली असती.

मॅनशार्ट १९४१ मध्ये संस्था सोडून गेला आणि संचालकपद जे. एम. कुमारप्पांकडे आले. ते तमिळ ख्रिस्ती कुटुंबातले, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे भाऊ. १९४४ साली संस्थेला आजचे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मराठवाड्यातल्या तुळजापूरला तिचे ग्रामीण केंद्र उभे राहिले. मिशनच्या मराठी मंडळ्या आधी संयुक्त चर्चमध्ये आणि १९७० मध्ये उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये, सामील झाल्या. मंडळी आणि शाळा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शाळेत शिकणाऱ्या बहुतेकांना आपल्या संस्थेच्या मागे एक चर्च होते हे माहीतही नसते, आणि रविवारी उपासनेला बसणाऱ्यांनाही ही शाळा आपल्या वंशातली आहे हे कुणी सांगत नाही. दोघांनी एकमेकांना ओळखायला हवे असे मला वाटते. भायखळ्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातल्या मुलाला पानिपत, प्लासी शिकवतात, तसा आपल्या मंडळीच्या परसातून निघालेला हा इतिहासही त्याला मिळायला हवा.

नागपाड्याने या शाळेला दिलेली सर्वांत चिवट गोष्ट म्हणजे क्षेत्रकार्य. वर्गात बसणे आणि आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत, रुग्णालयात, तुरुंगात, पोलीस चौकीत काम करणे, ही दोन्ही पावले तिथे एकत्र टाकली जातात. राहणे, पाहणे, शिकवणे या क्रमातले राहणे मागे पडले, पण पाहणे सुटले नाही. त्यातूनच संस्थेचे प्रकल्प निघत राहिले. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात स्त्रिया आणि मुलांसाठी एक विशेष कक्ष उघडला. नवऱ्याने मारले म्हणून तक्रार घेऊन आलेल्या बाईला हवालदाराच्या टेबलाआधी समाजकार्य शिकलेल्या कार्यकर्तीसमोर बसता यावे, यासाठी. पोलिसांच्या छपराखाली, पण पोलिसांच्या हुकमाखाली नाही, अशी ही अवघड जागा होती. ती टिकली, आणि महाराष्ट्र शासनाने असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत उघडले.

१९९६ मध्ये याच संस्थेचा एक क्षेत्रप्रकल्प म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरच्या मुलांसाठी फोनची सेवा सुरू झाली. रात्रीबेरात्री फलाटावर, पुलाखाली, हॉटेलात राबणाऱ्या मुलाला कुठल्याही फोनवरून फुकट लावता यावा असा, मुलांच्या तोंडी सहज बसेल असा क्रमांक निवडला गेला: दहा, नऊ, आठ. चाइल्डलाइनचा १०९८ पुढे देशभर गेला. २०२३ च्या सुमारास ही सेवा स्वयंसेवी संस्थांच्या हातून सरकारी बालसंरक्षण यंत्रणेकडे सोपवली गेली. तिथे आता मुलाचा फोन कोण उचलते, त्याला वस्तीची माहिती असते का, आणि फोन ठेवल्यावर त्या मुलापर्यंत कुणी चालत जाते का, हे जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन पाहण्याचे काम सध्या समाजकार्य शिकणाऱ्यांपुढे आहे.